दार मोठं ठेवा, झडती वाक्यांची घ्या

प्रति,
गावोगावच्या जुन्या जागांची यादी चालवणारे संयोजक आणि नोंदी करणारे सगळे स्वयंसेवक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या यादीसाठी ‘दर्जाचे निकष’ ठरवणारा मसुदा तुम्ही सगळ्यांना पाठवलात. मी तो दोनदा वाचला. बारव (पायऱ्यांची विहीर), पुष्करणी, गडावरची टाकी, वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सतीशिळा, वेशी, जुने पार असं सगळं एका नकाशावर आणायचं काम तुम्ही पदरमोड करून, रविवार घालवून चालवलं आहे. त्याबद्दल आधी आभार. आता भांडण.

मसुदा म्हणतो, जागा किमान १०० वर्षं जुनी हवी. तिथे ‘उल्लेखनीय शिल्पकाम किंवा स्थापत्य’ हवं. वर्णन किमान ३०० शब्दांचं, फोटो किमान ५. आणि तिघांच्या समितीने तारे दिल्याशिवाय नोंद दिसणार नाही.

यातलं एकही कलम मला पटलं नाही. सगळी परीक्षा जागेची घेतली आहे, आणि बिघाड आहे तो नोंदींत. जागा बिचारी आहे तिथेच, आहे तशीच उभी आहे.

माझी नोकरी जमीन मोजणीत गेली. मोजणीत टिपण नावाचा कागद असतो. तो शेतात उभं राहून काढतात, कचेरीत बसून नाही. काढणारा मरून जातो, बांधावरची बाभळ जाते, आणि तरी पन्नास वर्षांनी दुसरा मोजणीदार तोच कागद हातात धरून त्याच शेतात येतो आणि हद्दीचा दगड शोधतो. ते शेत देखणं आहे की खडकाळ, हे टिपणाला कुणी विचारत नाही. विचारतात एवढंच, की या कागदावरून अनोळखी माणूस त्याच दगडापाशी पोचेल का. आपल्या यादीलाही मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी यादीतली एक बारव पाहायला निघालो. नोंदीला चार तारे होते, वर्णन ऐसपैस होतं. फोनने नेलं ते थेट शाळूच्या रानात. राखणीला बसलेल्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “बारव? इथं बोअरला पाणी लागंना.” घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा उलगडा झाला. नोंद करणाऱ्याच्या जुन्या कागदावर अक्षांश १८ अंश ३० मिनिटं असणार. त्याने तो १८.३० असा भरला. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे १८.५०. एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. ०.२० अंशांची चूक म्हणजे २२ किलोमीटर. चार तारे देणाऱ्या समितीतल्या एकानेही तो ठिपका नकाशावर दाबून पाहिला नव्हता.

अक्षांश आणि रेखांश उलटे भरल्याच्याही दोन नोंदी मला सापडल्या. पुण्याच्या आसपासची जागा १८.५ आणि ७३.९ अशी असते. ते उलटं टाकलं की विहीर नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात जाऊन पडते. पाणी बारमाही, याबद्दल वाद नाही.

याच्या उलट टोकाला आठ-आठ दशांश स्थळं भरणारे आहेत. दुसरा दशांश म्हणजे सुमारे एक किलोमीटर, चौथा म्हणजे ११ मीटर, पाचवा म्हणजे एक मीटर. आठवा म्हणजे एक मिलिमीटर. खिशातल्या फोनला, तेही झाडीत आणि कड्याखाली, इतकं कळत नाही. पाच पुरेत, पण ते जागेवर उभं राहून घेतलेले हवेत. गाडी लावली तिथले नकोत. आणि आकड्यांच्या जोडीला चतुःसीमा द्या. पूर्वेला ओढा, उत्तरेला शाळेची मागची भिंत, पश्चिमेला पाणंद. फोन बंद पडला तरी चतुःसीमा बंद पडत नाही.

नावांचंही तेच. आपल्या यादीत नुसतं ‘भैरवगड’ म्हणून नोंद आहे. कुठला? मोरोशीचा, शिरपुंज्याचा, की कोथळ्याचा? गाव आणि तालुका जोडल्याशिवाय नाव पुरं होत नाही. जिल्हा लिहिताना आजचं आणि जुनं अशी दोन्ही नावं लिहा. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावं आता आली. जुन्या गॅझेटिअरमध्ये शोधणाऱ्याला जुनंच नाव लागणार. पालघर तर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं. शिवाय गाव ज्या नावाने हाक मारतं ते नाव मथळ्यात पाहिजे. ‘प्राचीन ऐतिहासिक पायऱ्यांची विहीर’ विचारत गावात शिरलात तर लोक तोंडाकडे बघतील; तिथे तिला ‘थोरली बाव’ म्हणत असतील.

आता पाण्याची गोष्ट. ही मला जरा सविस्तर सांगायची आहे.

यादीत एका गडाची नोंद होती: ‘माथ्यावर पिण्याच्या पाण्याचं टाकं.’ फोटोत हिरवंगार गवत, टाकं काठोकाठ, पाण्यात ढग. मी भाच्याला घेऊन गेलो ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. वर पाणी आहे म्हणून दोघांत मिळून दोन बाटल्या घेतल्या होत्या आणि त्या शेवटच्या चढाला संपल्या. टाक्याशी पोचलो तर तळाला हातभर हिरवं पाणी, आणि त्यात फुगलेलं वानर. उतरताना भाच्याच्या पोटऱ्यांना गोळे आले. दर वीस पावलांवर बसत बसत आम्ही धनगरवाड्यावर आलो. तिथल्या आजींनी आधी तांब्याभर पाणी दिलं, मग बोलणी दिली. “ते टाकं शिमग्यापातूर. बारा म्हैने पाणी खालच्या खांबटाक्यात, कड्याच्या पोटात. ते न्हाई दिसलं?” नाही दिसलं. आम्ही गेलो त्या वाटेवरून ते दीडशे पावलांवर होतं, आणि यादीत नव्हतं.

त्या गडाचं वर्णन मोजून पाहिलं. ३००च्या वर शब्द होते. ‘सह्याद्रीच्या कुशीत’ होतं, ‘इतिहासाचा मूक साक्षीदार’ होतं, ‘मन प्रसन्न होते’ तर दोनदा होतं. ‘शिमग्यापर्यंत’ हा एक शब्द नव्हता.

म्हणून माझी विनंती आहे की शब्दांची किमान मर्यादा काढून टाका. ती ठेवलीत की लोक कुठून तरी भर घालणार, आणि भर ही नेहमी खोटी असते. त्याऐवजी एक गोष्ट सक्तीची करा: पाहिल्याची तारीख. नोंद लिहिल्याची नव्हे, जागेवर पाय ठेवल्याची. पाण्याच्या नोंदीला तारीख नसेल तर ‘पाणी आहे’ हे वाक्य छापूच नका. सप्टेंबरात सह्याद्रीत कुठल्या खळग्यात पाणी नसतं?

आता इतिहासाकडे येतो. इथे तर आपण सगळेच सैल सुटलो आहोत. चुना न वापरलेला दगड दिसला की ‘हेमाडपंती’, तटबंदी दिसली की ‘शिवकालीन’, आणि बरी बांधलेली विहीर दिसली की ‘अहिल्यादेवींनी बांधलेली’. हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, यादवांच्या दरबारातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी १०६० चा, त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचा. तरी ‘अंबरनाथचे हेमाडपंती मंदिर’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेलच. मीही एके काळी तसंच म्हणत असे.

शक आणि सन यांचा घोळ तर पिढ्यान्‌पिढ्या चालणार असं दिसतं. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर घ्या. विरूबाई भोसले यांनी ती शाहू महाराजांच्या काळात बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६. त्यात ७८ मिळवले की इसवी १७१९ ते १७२४. पण ‘शके’ हा शब्द वाटेत कुठे तरी गळून पडतो आणि विहीर १६४१ साली बांधलेली होते. १६४१ मध्ये शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते. शाहू महाराजांच्या जन्माला अजून एक्केचाळीस वर्षं होती. एका शब्दाच्या गळतीने विहीर तीन पिढ्या मागे गेली, आणि एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलं की तीच चूक पुढे पुरावा म्हणून दाखवली जाते. तेव्हा काळ लिहायचा तर शक की सन ते लिहा, आणि कुठून घेतला तेही: दगडावरून, छापील पुस्तकातून, की पुजाऱ्यांच्या तोंडून. यातलं काहीच नसेल तर ती जागा रिकामी सोडा. सरकारी कागदावर रिकामी चौकट दिसली की साहेब ओरडायचे, म्हणून आम्ही काहीबाही भरायचो. इथे साहेब नाही.

दंतकथा फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधली, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला’ हे मी आठ-दहा गावांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला आवडलं आहे. ते लिहाच. फक्त ‘गावात सांगतात’ या रकान्यात लिहा, आणि कुठल्या गावात तेही.

माझ्या मते नोंदीचा कणा म्हणजे मोजता येतं ते. बारवेला उतरायच्या वाटा किती? शिल्पग्रंथांत त्यावरूनच नावं दिली आहेत: एक प्रवेश असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया. सातवीतली पोरगी हे मोजू शकते आणि तिची नोंद एखाद्या प्राध्यापकांच्या नोंदीइतकीच पक्की असेल. पायऱ्या किती, देवकोष्ठं (भिंतीतले मूर्ती ठेवायचे कोनाडे) किती, त्यातली रिकामी किती, मोटेचं पाणी ओतायची थारोळी किती. हे लिहा. ‘भव्य’ लिहू नका. भव्य आहे की नाही ते येणारा ठरवेल.

फोटोंचं थोडक्यात. पाचांचा आग्रह सोडा. सध्या पाचांतले तीन फोटो नोंद करणाऱ्याच्या चेहऱ्याचे असतात. एक लांबून, आजूबाजूचा परिसर दिसेल असा. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा काठी ठेवून. अक्षरं असतील तर सकाळी नाही तर संध्याकाळी तिरक्या उन्हात, किंवा बॅटरी बाजूने धरून. आणि कृपा करून दगडावर खडू, पीठ, तेल काही फासू नका. वाचता येत नसेल तर ‘अक्षरं आहेत, वाचता आली नाहीत’ एवढं पुष्कळ आहे.

हे सगळं मी फार शहाणपणाने सांगतो आहे असं वाटत असेल, तर माझी एक नोंद सांगतो. एका गावाच्या वेशीबाहेर शेंदराने माखलेला उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य दिसत होते, खाली काही आकृती असावी असं वाटत होतं. मी ‘वीरगळ’ म्हणून ठोकून दिलं. दोन वर्षांनी शेंदराचं कवच निखळलं आणि खालून गाढव निघालं. चंद्र-सूर्य, मध्ये लेखाच्या ओळी, खाली गाढव आणि बाई: ती गद्धेगाळ होती. दिलेलं दान जो मोडेल त्याला शिवी कोरून ठेवलेला दगड. म्हणजे जमिनीच्या कागदपत्राचाच पूर्वज म्हणायचा. जन्मभर हद्दीचे दगड शोधत हिंडलो, आणि हा समोर आला तर ओळखला नाही. ‘शेंदरामुळे प्रकार कळला नाही’ असं तेव्हा लिहिलं असतं, तर नोंद अपुरी राहिली असती पण खोटी झाली नसती.

आता तारे आणि ‘उल्लेखनीय शिल्पकाम’. मसुद्यातलं मला सगळ्यांत जास्त खटकलेलं कलम हेच. महाडचं चवदार तळं तुमच्या समितीपुढे आलं तर काय द्याल? शिल्पकामाला गुण नाहीत. कोरीव खांब नाहीत, देवकोष्ठं नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळभर पाणी प्यायलं, हे पाण्यावर कुठे कोरलेलं नाही. पुण्यात गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या वाड्यातला हौद घ्या. तो त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. हौद म्हणून बघायला गेलात तर त्यात काय आहे? अशा जागांना दोन तारे देऊन एखाद्या नक्षीदार पुष्करणीच्या खाली बसवणारी यादी मला नको. उलट प्रत्येक बारवेच्या नोंदीत एक प्रश्न असावा असं मला वाटतं: इथलं पाणी कोणाला मिळत असे आणि कोणाला नाही? बऱ्याच गावांत सत्तरी ओलांडलेली माणसं अजून आहेत आणि विचारलं तर सांगतात. आपण विचारत नाही, आपण कमानीचा फोटो काढतो.

तेव्हा कुठली जागा घ्यावी याचं दार मोठं ठेवा. बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू असली आणि तिच्याबद्दल एक तरी खरी, नेमकी गोष्ट सांगता आली, की पुरे. सेल्फी पॉइंट आणि मिसळीची दुकानं एवढ्या चाळणीने आपोआप गळतील. (मिसळीबद्दल नेमकं आणि खरं सांगणारा निघाला तर मात्र माझी पंचाईत होईल.)

काही जागा मात्र यादीत नेमक्या टाकूच नयेत. एखाद्या उघड्या माळावरची एकटी मूर्ती, किंवा गुप्तधनाच्या नादाने आधीच एकदा उकरलेली समाधी, यांचा पाच दशांशांचा पत्ता आपण कोणाला देतो आहोत? तसंच कड्यावरची गिधाडांची घरटी आणि कंदीलपुष्पाचे पठारावरचे मोजके ताटवे. जीवसृष्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर दुर्मीळ प्रजातींची जागा मुद्दाम धूसर करतात, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दाखवतात. मघाशी ज्या ०.२ अंशाने मला शाळूत उभं केलं, तोच इथे राखणीला उपयोगी पडतो. आणि शेतातली विहीर असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ठिपका टाकू नका. तो नाही म्हणाला तर नाही. मोजणीला जातानासुद्धा आम्ही शेजारच्या खातेदारांना नोटीस देत असू.

बुजवलेल्या, पाडलेल्या, पाण्याखाली गेलेल्या जागांच्या नोंदी तुम्ही ‘स्वच्छता’ म्हणून उडवणार आहात, असं मसुद्याच्या शेवटी वाचलं. असं करू नका. २०१३ च्या अहवालात कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, पाहणी केलेल्या १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडली नव्हती. पुढे शोधाशोध झाली आणि संसदीय समितीपुढे जो हिशेब आला त्यात ५० राहिली. १४ शहरांच्या वाढीत गेलेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ अशी की ती नक्की कुठे होती याचाच पत्ता लागेना. पहिल्या २६ जणांची निदान गोष्ट तरी माहीत आहे. आपल्या यादीत त्या चोवीसांसारखी एकही भर पडू नये. ‘रस्ता रुंदीकरणात बुजवली, शेवटची पाहिली अमुक तारखेला’ ही पूर्ण नोंद आहे.

राहिली समिती. पुण्यात बसलेले तिघे जिंतूर तालुक्यातल्या दगडाबद्दल काय सांगणार? ते फार तर शुद्धलेखन तपासतील. त्यापेक्षा पंचनाम्याची रीत आणा. पहिल्याने नोंद केली की ती लगेच दिसू दे, पण ‘एकाने पाहिलेली’ म्हणून. दुसरा कुणी तिथे गेला की त्याने तारखेसह लिहावं: पाहिली, तशीच आहे, किंवा पाहिली, एवढा फरक आहे. ओपनस्ट्रीटमॅपवाले २००४ पासून याच धर्तीवर जगाचा नकाशा करताहेत. जागेवर जे आहे ते टाकायचं, आणि प्रत्येक बदल कुणी, कधी केला ते मागे राहतं. चूक झाली तर ती कुठून शिरली ते उलगडत मागे जाता येतं. तिघांना सवड मिळेल ती त्यांनी एकाच कामाला द्यावी: एकच दगड ‘म्हसोबा’, ‘वीरगळ’ आणि ‘प्राचीन शिल्प’ अशा तीन नावांनी तीनदा नोंदला आहे, तशी प्रकरणं जुळवायला. आपल्या यादीचा आकडा त्याने खाली येईल. येऊ दे.

ती शाळूतली बारव मला पुढच्या आठवड्यात सापडली, २२ किलोमीटर उत्तरेला, १८.५ वर जिथे असायला हवी तिथेच. नोंद दुरुस्त केली आहे. एक प्रवेश, म्हणजे नंदा. देवकोष्ठं दोन, दोन्ही रिकामी. उत्तरेच्या भिंतीत पिंपळ घुसला आहे. गावात काळ कोणाला सांगता आला नाही, म्हणून तो रकाना रिकामा आहे. २७ फेब्रुवारीला पाणी सातव्या पायरीला होतं. मे महिन्यात त्या बाजूला कुणी जाणार असेल तर पाहून तारीख टाकावी.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
(एकूण नोंदी ६४, त्यात आजवर चुकीच्या सापडलेल्या ९)